न जळलेलं डिझेल

अण्णा,

यंदाचा तक्ता छापून आला. देशाने वर्षभरात किती कोळसा खणला, किती तेल बाहेरून आणलं, किती वीज तयार केली, ती कुणाकुणाला गेली आणि या सगळ्याचा धूर किती झाला, तो सालाबादचा तक्ता. तुम्ही त्याला देशाचं वाणसामान म्हणायचात: आलं किती, शिजलं किती, सांडलं किती. तो टेबलावर आला की सगळे आधी तळाची मोठी बेरीज बघतात. मी बोट टेकवत डिझेलच्या ओळीपर्यंत जाते आणि वाहतुकीचा रकाना ओलांडून पुढच्या लहान रकान्याशी थांबते. जनरेटरचं डिझेल तिथे असतं. आपल्या बंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीचं नाव तिथे कुठेही नाही, असायचं कारणही नाही, पण तो रकाना दिसला की मला तुम्ही दिसता. या वर्षी मी निवृत्त होणार. पुढचा तक्ता दुसरं कुणीतरी बघेल, तेव्हा हे एकदा तुम्हाला सांगून टाकावं असं वाटलं. तुम्ही होतात तेव्हा सांगितलं नाही, कारण आपल्या घरात महत्त्वाचं काही एकमेकांना सांगायची रीतच नव्हती. बिनमहत्त्वाचं मात्र आपण पोटभर बोलायचो.

ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. संख्याशास्त्र शिकून मी नुकती नोकरीला लागले होते, मल्लेश्वरममधल्याच एका लहानशा संशोधन संस्थेत. घरापासून चालत जाता येतं, याचं तुम्हाला नोकरीपेक्षा जास्त कौतुक. "मोजायची नोकरी?" तुम्ही विचारलंत. "म्हणजे इन्स्पेक्टर का?" मी म्हटलं, इन्स्पेक्टर नव्हे, कोण किती इंधन जाळतं त्याचे आकडे आम्ही गोळा करतो आणि दिल्लीला पाठवतो. "पकडत नाही कुणाला?" नाही. "मग लोक खरं कशाला सांगतील?" हा प्रश्न तुम्ही पोह्यांवर लिंबू पिळता पिळता विचारलात, आणि मी नव्या नोकरीच्या तोऱ्यात तो हसण्यावारी नेला. आई म्हणाली, "ती सांगते ते ऐका तरी." तुम्ही म्हणालात, "ऐकतोय की. म्हणून तर विचारलं."

तुम्ही सांगलीकडून इथल्या एका सरकारी यंत्रकारखान्यात नोकरीला आलात आणि पुढे ती पक्की नोकरी सोडून पीण्यात स्वतःची शेड घातलीत, हे आपल्या घरचं रामायण. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, चार-पाच माणसं आणि मागच्या बाजूला एक जनरेटर. ज्या कारखान्यात नोकरी केली त्यालाच लागणारे लहानसहान भाग तुम्ही करून द्यायचात. आई म्हणायची, यांनी नोकरी सोडली पण मालक सोडला नाही. तुम्ही त्यावर खूश व्हायचात. सकाळी स्कूटरला किक मारताना तुमची मान जरा जास्तच ताठ असायची, आणि गल्लीतले लोक "अण्णा, फॅक्टरीला?" असं विचारायचे तेव्हा ती आणखी ताठ व्हायची.

तेव्हा बंगलोरात करंट कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि करंट त्याच्या बाहेरही जायचा. घरोघरी मेणबत्त्या लागायच्या, आणि पीण्यात शेडशेडमधून जनरेटर सुरू व्हायचे. आमच्या तक्त्याची गोची इथेच होती. पेट्रोल पंपावर विकलेलं सगळं डिझेल वाहतुकीच्या नावावर पडायचं. कुणी ड्रम भरून टेम्पोतून पीण्याला नेलं, तरी ते ट्रकनेच प्यालं असं धरायचं. कुठल्या देशाने हवेत किती कार्बन सोडला याचा हिशेब त्याच सुमारास मांडायला लागले होते, त्यातही पीण्याचा धूर बिचाऱ्या ट्रकांच्या माथी. आमचे सर, तुम्हाला आठवत असतील, उंच, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि वैतागले की कन्नडमध्ये. ते म्हणाले, "या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर आपल्या गावचे ट्रक उभ्याउभ्याही डिझेल पितात." मला हसू आलं. का हसलीस म्हणून विचारलं तर मी म्हटलं, "सर, ते डिझेल रोज संध्याकाळी आमच्या घरी येतं. अण्णांच्या शर्टाला वास असतो त्याचा." झालं. पीण्यातल्या लहान कारखान्यांची पाहणी माझ्या गळ्यात पडली.

मी हे घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही एक खोका आणलात. आत काळे, जाड तळाचे, नाडीचे बूट. बायकांच्या मापात तसले मिळत नाहीत म्हणून तुम्ही एखाद्या शाळकरी मुलाच्या मापाचे उचलले होते. "पीण्यात चपला घालून हिंडायचं नाही. लोखंडाचा कीस पडलेला असतो, तळव्यात घुसला की निघत नाही." साडीखाली ते बूट इतके भयंकर दिसायचे की पहिल्या दिवशी बसस्टॉपवर दोन मुली माझ्या पायांकडे बघून खुसुखुसु हसल्या. मी ते तीन पावसाळे वापरले. मला कुणीही दिलेल्या वस्तूंमध्ये इतकी कुरूप आणि इतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही मुद्दाम बरोबर आलात. मी पहिल्याच शेडच्या दारात उभं राहून, फायलीतला कागद काढून मालकांना विचारलं की महिन्याला जनरेटरला किती डिझेल लागतं. त्या गृहस्थांचं तोंड असं मिटलं की जणू मी त्यांना वय विचारलं होतं. तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि, उभ्या आयुष्यात दोनदा-तीनदाच वापरलेल्या आवाजात म्हणालात, "दारात उभं राहून कुणाच्या घरचं काही विचारतात का? आधी बसायचं. काफी घ्यायची. मुलं काय करतात ते विचारायचं. मग आकडा." मला लाज वाटली आणि रागही आला, कारण तुम्ही हे मराठीत बोललात तरी तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळत होतं. मग आपण बसलो. "बन्नी बन्नी, कूतकोळ्ळी," ते म्हणाले, काफी आली, एकाची दोन केलेली, लहान पेल्यांत. "मगळा?" मुलगी का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही "हौदु, मगळु," म्हणालात, आणि तो एक शब्द म्हणताना तुमच्या आवाजात जे आलं ते मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

त्यानंतरचे कितीतरी दिवस मी पीण्यात काफी पीत हिंडले. सगळ्यांनी प्रेमाने बसवलं, सगळ्यांनी मुलांच्या परीक्षांबद्दल सांगितलं, आणि जनरेटरचं विचारलं की एकजात सगळे म्हणाले, "स्वल्प, अम्मा. स्वल्पच." क्वचित लागतो. कधीतरी लावतो. बाहेर दहा जनरेटर एका वेळी गरजत असायचे, समोरासमोर बसूनही आम्हाला ओरडून बोलावं लागायचं, आणि त्या गोंगाटात ते मला ओरडून सांगायचे की आमच्याकडे जनरेटर फारसा चालतच नाही. त्यांनाही दोष देता येत नाही. जनरेटरला परवानगी लागायची, स्वतः केलेल्या विजेवर कर असायचा, आणि आज काफी पिऊन गेलेली मुलगी उद्या कुणाला घेऊन येईल याचा काय भरवसा. माझे कागद भरत गेले. सर ते बघून नुसते मान हलवायचे. करंट किती तास जातो ते ठाऊक होतं, जनरेटर केवढे आहेत ते ठाऊक होतं, आणि हे आकडे त्या हिशेबाच्या आसपासही येत नव्हते.

आपल्या शेडचा कागद तेवढा राहिला होता. मी यायला निघाले की तुम्ही म्हणायचात, "आपलं काय, घरचंच. घरी भरू." एका रविवारी दुपारी जेवणानंतर तुम्ही तो भरायला घेतलात. चष्मा लावलात, पेन्सिल घेतलीत, पेपरच्या कडेला काहीतरी बेरजा-गुणाकार केलेत. जनरेटरच्या पाटीवर काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ होतं. एकदा थांबून म्हणालात, "मिलिंग मशीन रोज नसतं चालत, ते अर्धंच धरतो." मला वाटलं, माणूस किती बारकाईने आठवतोय. मग तुम्ही जो आकडा लिहिलात तो इतरांच्या कितीतरी पट होता. मी म्हटलं, "अण्णा, एवढं?" तुम्ही चष्मा काढत म्हणालात, "काम चालू असेल तर एवढं लागतंच."

सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग उठून खिडकीशी गेले आणि परत येऊन पुन्हा वाचला. "अख्ख्या पीण्यात एक खरा माणूस निघाला," ते म्हणाले, "आणि तो तुझा बाप." तुमचा आकडा त्यांच्या हिशेबाशी चोख जुळत होता. त्यांनी ठरवलं की तुमची शेड मापाची धरायची: तुमच्याकडे एका मशीनमागे जेवढं डिझेल तेवढं सगळीकडे, आणि त्यावरून अख्ख्या वसाहतीचा अंदाज काढायचा. तो राज्याच्या आकड्यात आणि तिथून देशाच्या तक्त्यात. त्याआधी एकदा आपल्या शेडमध्ये जाऊन दिवसभराचं डिझेल प्रत्यक्ष मोजून ये, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं. मी त्या संध्याकाळी घरी चालत आले नाही, जवळजवळ पळत आले.

आपण जेवायला बसलो होतो. आईने चाकवताची भाजी केली होती. मी सगळं भडाभडा सांगितलं, खरा माणूस, मापाची शेड, देशाचा तक्ता. मोजायला येणार आहे ते तेवढं सांगितलं नाही, म्हटलं, अचानक जाऊ, गंमत होईल. तुम्ही घास हातात धरून थांबलात. "सगळ्या पीण्याला? माझ्या एकट्याच्या आकड्यावर?" हो, म्हटलं. "असं कसं चालेल? चार ठिकाणचे घ्या." मी म्हटलं, "बाकीचे खोटं सांगतात, अण्णा." तुम्ही भात कालवत राहिलात, कालवून झालेला भात पुन्हा कालवलात. "खोटं असं नाही," तुम्ही म्हणालात. "माणूस घाबरतो." मला तो तुमचा विनय वाटला. आई माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्याकडेही नाही. ती उगाचच आमटी ढवळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीण्याला गेले. वेळापत्रकाप्रमाणे करंट गेलेला, आपल्या गल्लीत कानठळ्या बसतील असा गोंगाट. आपल्या शेडचं शटर अर्धं वर होतं आणि आतून काही आवाज नव्हता. मी वाकून बघितलं. तुम्ही स्टुलावर बसून लेथ पुसत होतात. तेलाच्या फडक्याने, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मशीनवर पुसण्यासारखं काहीच नव्हतं, इतकं ते स्वच्छ होतं. मागच्या दारातून उजेड येत होता आणि जिथे जनरेटर असायचा तिथे नुसता सिमेंटचा चौथरा आणि चार बोल्ट. तुमची पाठ माझ्याकडे होती. मी हाक मारणार होते, आणि मारली नाही.

कोपऱ्यावरच्या काफीच्या टपरीशी आपले मेस्त्री भेटले. सुरुवातीपासून तुमच्या लेथवर उभे असलेले, तुमच्याबरोबर राहून मराठी शिकलेले. मला बघून ते इतके दचकले की पेला सांडला. "अम्मा, स्वल्प इकडं या," म्हणून मला टपरीच्या मागे नेलं. "त्या मोठ्या फॅक्टरीलाच काम नाही, अम्मा. बाहेरनं माल येतोय. आपल्याला कुठनं देणार? दिवाळी झाल्यावर अण्णांनी जनरेटर विकला. आम्हाला सगळ्यांना आमचं आमचं दिलं, दुसऱ्या शेडात लावून दिलं. मी इथंच, शेजारी. दुपारी डबा घेऊन त्यांच्यासंगती बसतो." मी विचारलं, मग ते रोज काय करतात? "मशीन पुसतात. कोण ऑर्डर घेऊन आलं तर मशीन तयार पाहिजे, म्हणतात. घरी सांगू नका म्हटलंय. तुम्ही पण मला भेटला नाही, हां अम्मा?" मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की गल्लीतल्या सगळ्यांनाच हे माहीत असणार. ज्यांच्याकडे मी दारोदार काफी पीत फिरले, त्या सगळ्यांना. त्यांनी मला स्वतःबद्दल धडधडीत थापा मारल्या, पण तुमच्याबद्दल माझ्यासमोर एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

मी ऑफिसला गेले नाही, घरी आले. मला रडू येत होतं आणि मला तुमचा भयंकर राग आला होता, दोन्ही एकदम. जळलेलं डिझेल लपवणारे लोक मला समजत होते. न जळलेलं डिझेल जळलं म्हणून लिहिणारा माणूस मला समजत नव्हता, आणि तो माझा बाप होता. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून शेंगा सोलायला लागले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गेली होतीस का तिकडे?" मी हो म्हटलं. "गेल्या दिवाळीपासून त्यांच्या कॉलरी काळ्या येत नाहीत," आई म्हणाली. "तेलाचे डाग येतात. काजळी येत नाही. मला काय कळत नाही?" गावभर धूर मोजत हिंडणाऱ्या मला आपल्याच घरच्या दांडीवरचे शर्ट दिसले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी विचारलं, मग तू त्यांना विचारत का नाहीस? "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "माणूस संध्याकाळी मान वर करून घरी येतोय ना? येऊ दे."

संध्याकाळी तुम्ही आलात, मान वर करून. नेहमीपेक्षा जरा उशिरा आलात, एवढंच. हातपाय धुतलेत, पाटावर बसलात आणि म्हणालात, "आज करंट फार गेला. जनरेटर दिवसभर." मी तुम्हाला पोळी वाढली. हो का, म्हटलं. आईने तूप वाढलं.

त्या रात्री मी मनात जे उलटसुलट केलं ते सरळ सांगायचं तर एवढंच होतं: गप्प बसले तर तुमचं नाव राहतं आणि देशाच्या तक्त्यात कायमचा एक खोटा आकडा जातो, बोलले तर आकडा सुटतो आणि अख्ख्या पीण्यातला एकमेव खरा माणूस माझ्या सरांच्या नजरेतून उतरतो. आकड्याचं मला तेव्हा फार पडलं होतं अशातला भाग नाही. पण तो एक आकडा आता शेकडो शेडना लावायचा होता. आणि तुम्हीच मला लहानपणी मायक्रोमीटर हातात देऊन सांगितलं होतं की पहिलं माप चुकलं तर पुढची सगळी मापं बरोबर येऊनही काम भंगारात जातं.

सकाळी सरांसमोर बसून मी सगळं सांगितलं. इंग्रजीत सुरू केलं, मध्येच कन्नडमध्ये गेले, शेवटी शेवटी मराठीत बोलत होते तरी ते ऐकत होते. हात जोडून म्हटलं, अण्णांना कळू देऊ नका की मला माहीत आहे. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं, तसं काही दिसलं नाही. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "नातेवाइकांचा कारखाना मापाचा म्हणून धरता येत नाही. असा नियम आहे." मी म्हटलं, "असा नियम आहे, सर?" "आजपासून आहे," ते म्हणाले.

घरी येऊन मी तो नियम तुम्हाला सांगितला. तुम्ही लगेच म्हणालात, "बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." इतक्या पटकन म्हणालात की मला जरा वाईटच वाटलं. आणि मग तुम्ही जे केलंत ते मला तेव्हा अजिबात कळलं नाही. पुढच्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा माझ्याबरोबर दारोदार आलात. काफी झाली की माझ्याआधी तुम्हीच सुरू करायचात. "यात इन्स्पेक्टर नाही, कर नाही. कुणाचं नाव लिहिणार नाहीत. मुलीच्या कामाचा प्रश्न आहे. खरं मोजू द्या, माझी जबाबदारी." तुमच्या शब्दाखातर काही लोक कबूल झाले. त्यांच्या टाक्यांत पट्टी घालून मी रोज सकाळ-संध्याकाळ डिझेल मोजलं, करंट किती वेळ गेला ते टिपलं. तुम्ही शेजारी उभं राहून पट्टी नीट सरळ धरली आहे की नाही ते बघायचात. मला मनातून वाटायचं, काय हा माणूस, स्वतः काय लिहिलं आणि लोकांना काय सांगतोय. तोंडाने मी म्हणायचे, "अण्णा, फडकं द्या."

मोजमापं झाली, हिशेब झाला, आणि सर एकटेच हसायला लागले. जे प्रत्यक्ष जळत होतं ते तुमच्या पेपरच्या कडेवरच्या बेरजेच्या अगदी जवळ आलं होतं. तुम्ही खोटं बोलतानाही मिलिंग मशीन अर्धंच धरलं होतंत. त्या वर्षी आमच्या अहवालात पीण्याच्या जनरेटरचं डिझेल पहिल्यांदा ट्रकांच्या खात्यातून निघून स्वतःच्या रकान्यात बसलं. मोठी गोष्ट नव्हती ती, दिल्लीत कुणी पेढे वाटले नाहीत. मी तुम्हाला तो अहवाल दाखवला. तुम्ही ते पान बराच वेळ बघितलंत, आणि मग विचारलंत, "यात तुझं नाव कुठे आहे?"

तुम्ही त्यानंतर थोडीच वर्षं होतात. अखेरपर्यंत सकाळी स्कूटर काढत होतात. तुम्ही गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सर भेटायला आले. आईशी बोलले, काफी घेतली. जाताना मला फाटकापर्यंत बोलावून म्हणाले, "एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आता सांगायला हरकत नसावी." तुम्ही त्यांच्याकडे आला होतात. मी तुम्हाला लेथ पुसताना बघितलं त्याच दुपारी, मी घरी शेंगा सोलत बसले होते तेव्हा. माझ्याच टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसून तुम्ही त्यांना तुमच्या मोडक्या कन्नडमध्ये म्हणालात, "तो आकडा जाळलेल्या डिझेलचा नाही. हिशेबाचा आहे. माझ्याकडे जनरेटर नाही. काढून टाका." सरांनी विचारलं, मग लिहिला कशाला? तुम्ही म्हणालात, "मुलगी समोर बसली होती." आणि उठताना म्हणालात, तिला सांगू नका. "दुसऱ्या दिवशी तू आलीस," सर म्हणाले, "त्याच खुर्चीवर बसलीस, तीच गोष्ट सांगितलीस आणि तीच अट घातलीस. मी दोघांना हो म्हटलं होतं. काय करणार होतो?"

 आधी मला पुन्हा तुमचा रागच आला. एका परक्या माणसाला जाऊन सांगता आलं, आणि मी रोज समोर ताट घेऊन बसत होते ती दिसली नाही. मग हळूहळू कळलं की मीही तेच केलं होतं. आता त्याचा राग येत नाही. तुमच्यापेक्षा माझं वय आता जास्त झालंय, आणि रिकाम्या शेडमधून निघून, भर दुपारी स्कूटरला किक मारून, मुलीच्या साहेबासमोर जाऊन बसायला काय लागलं असेल ते मला आत्ता आत्ता कळायला लागलंय. माझा तुमच्यावर फार जीव होता, अण्णा. हे वाक्य आपल्या घरात कुणी कुणाला म्हटलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

हे पत्र कुठे जायचं नाही, तेव्हा आणखी एक सांगते. आमच्याकडे पुण्याहून एक नवी मुलगी आली आहे, माझी जागा तीच घेईल. हुशार आहे, पटपट इंग्रजी-मराठी एकत्र बोलते. काल तक्ता बघता बघता तिने त्या लहान रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मॅम, हा डेटा पहिल्यांदा कुठून आला? मी म्हटलं, पीण्यातून, माझ्या वडिलांचा कारखाना होता तिथे. ती म्हणाली, "हो? मग पुढे काय झालं त्याचं?" इतकी वर्षं लोकांच्या चुका लाल पेनाने खोडत आलेली मी, क्षणभरसुद्धा न अडखळता म्हणाले, "काय व्हायचंय? शेवटपर्यंत जोरात चालू होता. जनरेटर तर दिवसभर."